बदरुद्दीनने बुजवलेली भेग

कुणी बदरुद्दीनला डोक्याने अधू म्हटलं की माझं टाळकं सटकतं. म्हणणाऱ्यांतले निम्मे तेव्हा कुवेतला आलेही नव्हते. मी होतो. मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत मी, उस्मान, हजेरी घ्यायचो आणि तो सुतारखात्यात होता. दोघेही जयगडचे, एकाच बराकीत खाटेला खाट लावून राहणारे. तेव्हा आधी ऐका, मग बोला.

बदरुद्दीनच्या घरात तीन पिढ्या गलबतं बांधत आल्या. इथे त्याला खोकी आणि दाराच्या चौकटी ठोकायला बसवलं होतं. बनवलेल्या वस्तूवर नाव नाही, खूण नाही. "उस्मान, गाढव पण हे करील," असं तो रोज म्हणायचा, आणि रोज खोकं असं ठोकायचा की त्यात पाणी भरलं तरी गळू नये.

१९६२ साली ड्रॉइंग ऑफिसात नेस्तोर आला. फिलिपिनो, मनिलाचा, नकाशे काढणारा. पण मुळात मूर्तिकार. लाकूड मागायला सुतारखात्यात यायचा आणि मनिलाची मासिकं दाखवायचा. त्यांत चित्रं कसली, तर माणसांचे तुकडे तुकडे, घरांवर घरं रचलेली, आणि दगडाच्या बायका, ना डोळे ना नाक.

"नाक कुठाय रे हिचं?" बदरुद्दीनने विचारलं.

नेस्तोर मोडक्या हिंदीत म्हणाला, "महायुद्धात आमचं अर्धं शहर जळलं. त्यानंतर गोड गोड भातशेतं काढायला आमचा हात वळेना." मग हसत त्याने सांगितलं, की जुन्या चित्रकारांना हे नवं काम इतकं झोंबलं, की एका प्रदर्शनातून त्यांनी आपली चित्रं उचलली आणि समोरच्या फूटपाथवर मांडली.

"चित्रावरून भांडले?" बदरुद्दीन खूश झाला. "मग चांगली माणसं आहेत."

तेल निघाल्यापासून इथली जुनी गलबतं किनाऱ्यावर सडत पडली होती. एका शुक्रवारी आम्ही तिघे बनेद अल-गारच्या किनाऱ्यावर गेलो आणि मोडीत निघालेल्या गलबताचा सागवानी ओंडका घेऊन आलो. आणताना माझी कंबर धरली, ती आजही थंडीत बोलते. बदरुद्दीनने ओंडका तासून दिला, नेस्तोरने त्यातून बसलेली बाई कोरली. खांद्यापासून पोटापर्यंत लाकडाला भेग होती. नेस्तोरने ती मुद्दाम आणखी रुंद केली. कंपनीच्या क्लबात प्रदर्शन होतं, तिथे मूर्ती मांडायची होती.

आदल्या दिवशी नेस्तोर कामावर अडकला आणि मूर्ती सुतारखात्यात राहिली. बदरुद्दीनला ती भेग बघवेना. आमच्या किनाऱ्यावर गलबत समुद्रात घालण्याआधी आत पाणी ओतून बघतात. थेंब गळला तर गाव सुताराच्या तोंडात शेण घालतं. उघडी भेग चारचौघांत मांडायची? त्याने कापसाचा पीळ मुशी माशाच्या तेलात भिजवला आणि बोथट पटाशीने ठोकून ठोकून भेग बुजवली, गलबताची बुजवतात तशी.

संध्याकाळी नेस्तोरने पाहिलं आणि ओरडला, "ही माझी आई आहे! जळत्या घरातून निघाली तेव्हा अशीच फाटलेली होती. तू कोण बुजवणारा?"

"आणि तू लेक ना तिचा? तिला फाटकीच लोकांपुढे बसवणार होतास?"

मला वाटलं, आता हाणामारी होणार. पण नेस्तोर मटकन खाली बसला. त्या पांढऱ्या पिळावरून बराच वेळ बोट फिरवत राहिला. रडला. उठून त्याने मूर्तीपुढे ठेवायच्या कार्डावर दोन नावं लिहिली, आपलं आणि बदरुद्दीनचं.

बदरुद्दीनला इंग्रजी अक्षर कळत नव्हतं. तरी ते कार्ड त्याने माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. कुवेतमधल्या सात वर्षांत त्याच्या कामावर पहिल्यांदा त्याचं नाव लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी क्लबाचे सेक्रेटरीसाहेब आले. त्यांनी कार्ड वाचलं, खिशातून पेन काढलं आणि खालच्या ओळीवर रेघ मारली. "प्रदर्शन स्टाफसाठी आहे. लेबरचं नाव लागत नाही."

"काय खोडलं, उस्मान?" बदरुद्दीनने विचारलं.

खोटं बोलावं असं मनात आलं. मी कुजबुजलो, "जाऊ दे. पाण्यात राहून माशाशी वैर नको."

"मासे लहानपणापासून पकडतोय मी. काय खोडलं?"

"तुझं नाव."

बदरुद्दीनने कमरेची पटाशी काढली, मूर्तीजवळ गेला आणि भेगेतला कापूस उपसायला लागला. साहेब ओरडले, "नोकरी घालवशील!" हा आपला हातभर लांब पीळ ओढतोच आहे.

"नाव माझं नाही, तर काम पण माझं नाही," तो म्हणाला. "सांग त्यांना, उस्मान. नीट इंग्रजीत सांग."

मी सांगितलं. अल्लाशप्पथ, सगळं सांगितलं.

भेग पुन्हा उघडी पडली, नेस्तोरला आधी हवी होती तशीच. त्याने तिच्याकडे पाहिलं, बदरुद्दीनच्या हातातला पीळ पाहिला, आणि कार्ड फाडून टाकलं. म्हणाला, "धरा." आम्ही तिघांनी मूर्ती उचलून क्लबाबाहेर रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली. आत बघायला आलेले लोक मागोमाग बाहेर आले. नेस्तोर घाम पुसत हसला, "ज्या म्हाताऱ्यांना मी हसलो, त्यांच्याच रांगेत आलो की!"

मग आपल्या धारदार पटाशीने मूर्तीच्या बैठकीवर तो अक्षरं कोरायला बसला. साहेब दारात उभे राहून बघत होते.

पुढच्या महिन्यात बदरुद्दीनचा करार संपवला आणि त्याला परत पाठवला. यालाच तुम्ही लोक वेडेपणा म्हणता. म्हणा बापडे.

त्या दिवशी कोरून झाल्यावर बदरुद्दीन उकिडवा बसला. अक्षरांवरून अंगठा फिरवला, एक कुसळ निघत होतं ते काढलं.

"वाच," तो मला म्हणाला.

"बदरुद्दीन, जयगड. नेस्तोर, मनिला."

"पहिलं नाव कोणाचं आहे?"

"तुझं."

"मग तेलाचा डबा आण," तो म्हणाला, "भेग उघडी आहे."