तात्यांच्या हातची तारीख

चूक माझी होती, हे आधी लिहितो. तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात, ऑफिसात होतो. पहिला विचार मनात आला तो असा, की आता ती गोष्ट कुणालाच कळणार नाही... माणूस किती हलका असू शकतो!

तात्या माझे चुलते, बिद्रीजवळच्या आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव. म्हैस गाभण राहिली की विण्याच्या तारखेची चिठ्ठी द्यायची संस्थेची पद्धत. तो प्रोग्राम त्यांनी पुतण्या म्हणून माझ्याकडून करून घेतला. तारीख छापायची तयार सोय, म्हणजे लायब्ररी, प्रोग्रामिंगच्या भाषेसोबतच येते. पण ही सोय करणाऱ्या विद्वानांच्या लेखी जगात एकच देश, त्यांचा स्वतःचा. महिना आधी, दिवस नंतर. महिन्यांची नावं हवीत तर फक्त इंग्रजीत. बाकीच्यांनी म्हशी पाळू नयेत, एवढंच सांगायचं बाकी ठेवलं होतं.

"का रं, पहिलीतलं पोर बारा म्हयनं म्हणून दावतंय की. तुझ्या यंत्राला येत न्हाईत व्हय?"

"तात्या, लायब्ररीतच सोय नाही. तुम्हाला नाही कळायचं."

त्यांनी एका कागदावर जानेवारी ते डिसेंबर सुवाच्य अक्षरात लिहून दिले. मी हसून तो खिशात घातला. त्या विद्वानांचा माज निदान त्यांच्या घरचा होता. मी तो उसना आणून चुलत्यावर चालवला. पुढं चार वर्षं तात्या प्रत्येक चिठ्ठीवर निळ्या पेननं महिन्याच्या नावासकट तारीख लिहीत राहिले.

मग ते आठ दिवस दवाखान्यात होते, तेव्हा गावातल्या शालनवहिनींना त्यांच्या म्हशीची नुसतीच छापील चिठ्ठी मिळाली. ०४/०५. म्हणजे पाच एप्रिल. त्यांनी वाचलं चार मे, जसं कुणीही शहाणं माणूस वाचेल, आणि त्या एप्रिलच्या सुरुवातीला लग्नासाठी आजऱ्याला माहेरी गेल्या. म्हैस गोठ्यात एकटीच व्याली. रेडकू वाचलं नाही.

वार्षिक सभेत लोक तात्यांवर तुटून पडले. "सचिवाला तारीख लिवाय येत न्हाय, तर खुर्ची कशाला अडवतोय?" तात्या उठले. "चूक माझी हाय," एवढंच म्हणाले. मी मागच्या रांगेत मान खाली घालून मोबाइल बघत होतो. बाहेर आल्यावर त्यांनी मलाच विचारलं, "जेवलास का रं?"

दिवसकार्य झाल्यावर तो कागद शोधून काढला. बारा नावं प्रोग्राममध्ये घालायला अर्धा तास लागला. चार वर्षं ज्याला मी अशक्य म्हणत होतो ते, अर्धा तास!

परवा सकाळी संस्थेत गेलो. दूध घालायला रांग होती. तात्यांच्या टेबलावर ते निळं पेन तसंच होतं, टोपण चावलेलं. रांगेत शालनवहिनी दिसल्या. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो...

"वहिनी, तुमचं रेडकू तात्यांमुळं गेलं नाही. चिठ्ठी माझी चुकली होती आणि सभेत मी गप्प बसलो. मला माफ करा."