बोटं काय म्हणतात

पेशंटला कसं वाटतंय हे विचारताना मोठ्या सिस्टर त्याच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत. खाटेच्या पायथ्याशी जाऊन चादर वीतभर वर करायच्या आणि पायाची बोटं बघायच्या. मग मला म्हणायच्या, "तोंड पावन्यासमोर बोलल्यागत बोलतं गं. बोटं घरची असत्यात."

तुम्हीही कधी दवाखान्यात पडला असाल तर आठवून बघा. डॉक्टर आले की आपण 'बरं आहे' म्हणतो, आणि तेव्हाच चादरीखाली बोटं आवळलेली असतात. मला हे माहीत नव्हतं. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

सातवीत माझी शाळा सुटली. किनवटकडच्या माझ्या गावाहून लोणावळ्याला यायचं म्हणजे एक अख्खा दिवस आणि वर एक रात्र. इथल्या एका लहान हॉस्पिटलात मी वॉर्डात मदतनीस म्हणून लागले. चादरी बदलायच्या, भांडं द्यायचं, भरवायचं, आणि दर दोन तासांनी फेरी मारून पेशंट कसा आहे ते कागदावर लिहायचं. महिना झाला नाही तोच वरून हुकूम आला की फेरीचा कागद इंग्रजीत भरायचा. तीन महिन्यांनी मेट्रनबाई परीक्षा घेणार, नाही जमलं तर काम सुटणार. लेक मी गावी आईजवळ ठेवली होती. पुढच्या जूनला तिला इथल्या शाळेत घालायचं, एवढं एकच मनात धरून मी दिवस ढकलत होते.

आठवड्यातून एकदा एक मॅडम शिकवायला यायच्या. हसून 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, 'हाऊ आर यू फीलिंग' विचारायचं, असं छापील कागदावर होतं. मी मागच्या खुर्चीत घामाघूम व्हायचे. खरं इंग्रजी मला मोठ्या सिस्टरांनी शिकवलं, तेही चादरी घालता घालता.

त्या जवळच्याच औंढ्याच्या, शेतकरी घरातल्या. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायच्या, मेट्रनबाईंशी शुद्ध बोलायच्या आणि आमच्याशी गावचं. मला नावाने हाक कधी मारली नाही. "ए किनवट!" अशीच हाक. सगळा जन्म उभ्याने काढल्यासारख्या दमलेल्या असायच्या. टेबलावर दोन्ही हात टेकवून "आई गं" करत बसायच्या, आणि बसल्या की कुणीतरी बोलवायचंच.

चादरीच्या चार कोपऱ्यांना चार शब्द. पहिला कोपरा खोचायचा आणि म्हणायचं 'पेन'. दुसरा, 'स्वेलिंग'. तिसरा, 'कोल्ड'. चौथा, 'नंब', म्हणजे बधिर. शब्द अडला की त्या सगळी चादर उपसून टाकायच्या. "घाल परत." एका सकाळी मी एकच खाट सहा वेळा घातली. त्या खाटेवरच्या आजी शेजारी खुर्चीत बसून होत्या. शेवटी त्याच वैतागून म्हणाल्या, "अगं स्वेलिंग म्हन की पोरी, मला निजू दे!"

पावसाळ्यात भुशी धरणावर पाय मुरगळून घेतलेले पर्यटक यायचे. एक मुलगा इंग्रजीत मोठमोठ्याने ओरडत होता. मी घाबरून सिस्टरांकडे पळाले. त्यांनी त्याची बोटं बघितली, दाबली, हलवायला लावली आणि मला हळूच म्हणाल्या, "पायाला काय न्हाई झालं. तोंडालाच लागलंय."

मला एक शब्द फार आवडायचा, 'कम्फर्टेबल'. मला येणारा तो पहिला लांबलचक शब्द. घरी जुन्या वहीत मी तो पानं भरभरून गिरवला होता. कागदावर लिहिला की माणूस शिकलेला वाटायचा.

भाजे गावचे एक आबा बांधावरून घसरून नडगी मोडून आले. गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळपाळी माझी होती, मोठ्या सिस्टरांची दुपारची. आठ वाजता मी विचारलं, "आबा, कसं वाटतंय?"

"बरं हाय, बाई. तुमी च्या घेतला का?"

मी लिहिलं, 'पेशंट कम्फर्टेबल'. दहा वाजता तेच, बारा वाजता तेच. चादर काही मी वर केली नाही.

दोन वाजता मोठ्या सिस्टर आल्या. पर्स खांद्यालाच होती. चादर वर केली. आबांची बोटं वांग्यासारखी टरारलेली आणि काळपट. "आबा, बोटं हलवा बरं." हलेनात. सिस्टर तशाच फोनकडे पळाल्या. डॉक्टरांनी येऊन प्लास्टर उभं कापलं. पाय वाचला, पण अजून उशीर झाला असता तर कापावाच लागला असता.

मी आबांना म्हणाले, "दुखत होतं तर सांगितलं का नाही?"

"सकाळपासनं ठणकत हुतं की. पर तू एवढं मन लावून लिवत हुतीस. म्हनलं, कशाला तुजं पान खराब करा."

मोठ्या सिस्टरांनी माझा दंड धरून मला डॉक्टर आणि मेट्रनबाईंसमोर उभं केलं. "सांग. तीन फेऱ्या मारल्या आन् बोटं बगितली न्हाईत." मी रडत रडत सांगितलं. मेट्रनबाई म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस. तेव्हा सिस्टर शुद्ध बोलीत म्हणाल्या, "मॅडम, तिला शब्द मी शिकवलेत. बघायचं शिकवायच्या आत तिच्या हातात पेन दिलं, ते माझं चुकलं. परीक्षा होईपर्यंत राहू द्या." मी राहिले.

ते तीन 'कम्फर्टेबल' मला खोडायचे होते. त्यांनी पेन काढून घेतलं. "खोडायचं न्हाई. ऱ्हाऊ दे तसंच."

परीक्षेत मी पास झाले. जूनला लेक आली.

मोठ्या सिस्टर स्वतः कायम पांढरे मोजे आणि बंद बूट घालायच्या. उन्हाळ्यातसुद्धा. साखर होती त्यांना, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांचे पाय कुणी बघितले नव्हते, आणि बघावेत असं माझ्याही डोक्यात कधी आलं नाही.

एका दुपारी ड्युटीवरच त्यांना चक्कर आली. अंग तापलं होतं. खिडकीजवळच्या खाटेवर निजवलं, डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. फेरीचा कागद घेऊन मी गेले.

"सिस्टर, कसं वाटतंय?"

त्या हसल्या. "कम्फर्टेबल. लिव."

मी पायथ्याशी गेले. बूट काढले, मोज्याला हात घातला.

"ऱ्हाऊ दे गं."

"तुम्हीच शिकवलंय."

मोजा चिकटला होता. पाणी लावून सोडवला. दोन बोटं काळी पडली होती. दुसऱ्या पायाची पाची बोटं आवळलेली. त्या वर पंख्याकडे बघत होत्या.

मी डॉक्टरांना निरोप धाडला आणि कागदावर लिहिलं, 'पेशंट सेज कम्फर्टेबल. टोज से नो.' इंग्रजीत असं लिहितात की नाही, मला माहीत नव्हतं. त्यांनी कागद मागितला. चष्मा लावून बराच वेळ वाचला. मग छातीवर ठेवला.

"बरोबर लिवलंस, किनवट," त्या म्हणाल्या. आणि चष्मा काढत, "मला लय भ्या वाटतंय गं."

संध्याकाळी त्यांना पुण्याला नेलं. आधी दोन बोटं काढली, मग घोट्यापर्यंत पाय. दिवाळीच्या आधी औंढ्याहून त्या गेल्याचा निरोप आला.

आता फेरीला मी आधी पायथ्याशी जाते. नवीन आलेले पेशंट चमकतात, पाय ओढून घेतात. लेक शाळेतून येते. नवी शाळा, नवी भाषा. "कसं होतं आज?" मी विचारते. "बरं होतं," ती म्हणते. मी खाली बसते आणि तिचे बूट मीच काढते.