थांबण्याचे जादा पैसे

स्टेशनवरून मांडवीला यायला ॲपवरून गाडी बोलावली होती. चालक पन्नाशीचा, अबोल, नजर सारखी आरशात. उतारावरच्या वळणावर त्याने गाडी थांबवली, उतरून माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेचं दार उघडलं, मान खाली घालून जरा वेळ उभा राहिला आणि हळूच दार लावलं.

घरापाशी बिलात थांबण्याचे जादा पैसे दिसले. मी भडकलो. "थांबलात तुम्ही, भरायचे मी?"

"ते मी देतो, साहेब. पण वाटेच्या राखणदाराला टाकून पुढं जायचं नाय."

काल दुसऱ्याच गाडीतून आलो. गाडी कुठेच थांबली नाही, तरी त्या वळणावर मी नकळत सरकून बसलो. बिलात थांबण्याचे पैसे होतेच. मुकाट्याने भरले. उतरलो आणि शेजारचं दार उघडून जरा वेळ उभा राहिलो.