विहिरीतलं इंजिन आणि रहीमचाचा

रहीमचाचांना "पॅसेंजर किती वाजता?" असं विचारणाऱ्याची पॅसेंजर हमखास चुकायची, कारण चाचा उत्तराला निजामापासून सुरुवात करत. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली. तरी रोज सकाळी पिंपळवाडी हॉल्टच्या एकुलत्या बाकावर ते हजर, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला जुनी शिट्टी लावून. आमचं गाव संभाजीनगरपासून अर्ध्या तासावर. चाचांच्या तोंडून मात्र ते पृथ्वीच्या मधोमध असायचं.

"छोटी लाईन व्हती तवा," चाचा सांगत, "परभणीच्या बाया टपावर शेवया वाळत घालायच्या. औरंगाबाद येईस्तोवर कडक."

"उडत नव्हत्या का, चाचा?" मी एकदा विचारलं.

"उडायला गाडी पळावी लागती, बेटा."

तीन वर्षांपूर्वी पत्र आलं की हॉल्टवर प्रवासी कमी आहेत, एक साहेब येत्या बुधवारी येऊन सकाळच्या पॅसेंजरची मोजणी करतील, आकडा कमी भरला तर थांबा बंद. भाजीवाल्या बाया या गाडीनं शहरात शहागंजच्या बाजाराला जायच्या, पोरी औरंगपुऱ्यातल्या कॉलेजात शिकायला. बस पकडायची तर चार किलोमीटर चालत फाटा. चाचांनी सगळं अंगावर घेतलं. घरोघर फिरून तंबी दिली, "बुधवारी घरात फकस्त कोंबड्या ऱ्हायल्या पायजेत."

बुधवारी अख्खं गाव तिकीट काढून फलाटावर. बाळंतीण आली, भांडण विसरून दोन सख्खे भाऊ आले. नव्वदीच्या गंगुआजीला तर खाटेसकट आणलं होतं. पहाटेच्या गाडीनं आलेले साहेब वही उघडून उभे. गाडीला वेळ होता म्हणून त्या भल्या माणसानं सहज विचारलं, "हा हॉल्ट किती जुना हो?"

"बसा, साहेब," चाचा म्हणाले.

आम्ही शंभरदा ऐकलेली गोष्ट. पण त्या दिवशी साहेबांच्या मानासाठी चाचांनी तिला नवा तुकडा जोडला. कोळशाच्या इंजिनाला आमच्या विहिरीच्या पाण्याची अशी चटक लागली की एका दुपारी ते रूळ सोडून थेट विहिरीत उतरलं. गाव बाकाभोवती गोळा झालं. मागं पॅसेंजर येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तर मेथीची पाटी घेतलेल्या सरूबाईनं मागं न बघता त्याला हातानंच गप केलं. दोन मिनिटं झाली, गाडी गेली.

गाडीचा आवाज विरल्यावर आम्ही एकमेकांकडं पाहिलं. साहेबांच्या वहीत चढलेले प्रवासी, शून्य.

चाचांनी खिशाची शिट्टी काढून मुठीत धरली. सरूबाई म्हणाली, "चाचा, आता शहागंजला तुमचा इतिहासच विकते. मेथी तर सुकली."

"गलती मेरी है, साहेब," चाचा हळूच म्हणाले. "सजा गावाला नको."

"मोजणी सकाळच्याच गाडीची," साहेब म्हणाले. "शून्याच्या जागी मी दुसरा आकडा कसा लिहू?"

परतीची गाडी संध्याकाळी. साहेब जाणार कुठं? सरूबाईनं भाकरी आणि त्याच सुकलेल्या मेथीची भाजी वाढली. जेवण झाल्यावर साहेब आपणहून बाकाकडं सरकले. चाचा दुपारभर बोलले, पण इंजिन काही विहिरीतून वर येईना. संध्याकाळी गाडी हलली तेव्हा साहेब दारातून ओरडले, "चाचा, मग काढलं कसं ते?"

"पुढच्या खेपेला सांगतो," चाचा म्हणाले. "गाडी थांबली, तर."

महिन्याभरानं कागद आला. शून्याखाली साहेबांनी लिहिलं होतं, 'फेरमोजणी आवश्यक. ती मी स्वतः करीन. तोवर थांबा कायम.'

चाचा गेल्या हिवाळ्यात गेले. साहेबांची बदली लांब झाली आहे. अधूनमधून त्यांचा मला फोन येतो. "चाचा बरे आहेत ना? मोजणीला येतोच एकदा."

"बरे आहेत," मी सांगतो. "सावकाश या, साहेब."