तिसरा नंबर

गल्लीत त्यांना सगळे रेसर म्हणत. लहान मुलं रेसरकाका म्हणत, आणि पोस्टमन तर पत्ता न वाचताच पत्र त्यांच्या दारात टाकी. माणूस आयुष्यभर एका गोदामात खोकी मोजून निवृत्त झालेला. पण डावा पाय किंचित ओढत गल्लीच्या तोंडाशी आला की बघणाऱ्याला वाटावं, हा आत्ताच धुळीतून उठून आलाय. पाय शर्यतीत गेला, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

या रेसरची एकुलती एक मुलगी म्हणजे ताई. तिला घरी, गल्लीत आणि वर्कशॉपात सगळे ताईच म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे लोकसुद्धा. चाळिशी ओलांडलेली, बोलायला कमी, हाताला जड. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की हातात असेल तो पाना त्याच्यासमोर धरते, मग माणूस विषय बदलतो. पाण्याचे पंप दुरुस्त करणं हा तिचा धंदा. गिऱ्हाईक येतं, शपथेवर सांगतं, "ताई, पंप एक दिवस कोरडा चालवला नाही हो!" ताई मान डोलावते, झाकण उघडते, आत पाण्याविना जळून रबरी सीलचा कोळसा झालेला असतो. ती कोणाला खोटं पाडत बसत नाही. गिऱ्हाईक थोडं खोटं बोलायचंच, त्यात राग कसला? माणूस सांगेल ते ऐकून घ्यावं आणि मग आत बघावं, एवढीच तिची रीत.

ही रीत तिने घरी कधी वापरली नव्हती. बापाच्या बोलण्याचंही झाकण उघडायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

गाडी मागच्या खोलीत ताडपत्रीखाली होती. मोटोक्रॉसची, म्हणजे चिखलातून, उंचवट्यांवरून उडवायची. तिला ना दिवा, ना हॉर्न, ना आरसा. बाबांनी ती तरुणपणी, मायदेशी परतणाऱ्या एका परदेशी इंजिनिअरकडून घेतलेली. तिच्यावरून शेवटच्या वळणावर ते पडले, गुडघा फुटला, पेट्रोलच्या टाकीला पोचा पडला, तरी उठले, गाडी उचलली आणि तिसरे आले. ही गोष्ट ताईने इतक्या वेळा ऐकली होती की बाबा कुठे थांबून पाणी पितात तेही तिला पाठ होतं. पहिले नाही, दुसरे नाही, तिसरे! गल्लीत लोक म्हणत, बढाईच मारायची असती तर पहिला नंबर सांगितला नसता का? त्या तिसऱ्या नंबरामुळेच सगळ्यांचा विश्वास बसला होता.

ताईही गाडीवर बसायची, आणि चांगली बसायची. पाण्याच्या टाकीमागे मोकळं, खडबडीत मैदान होतं, तिथे शेजाऱ्याची जुनी मोटरसायकल ती अशी फिरवायची की मुलं क्रिकेट सोडून बघत राहायची. एकोणिसाव्या वर्षी ट्रॅकवरच्या एका कोचने तिला पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, मुलीला पाठवा, हिच्यात दम आहे. बाबांनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर पँट गुडघ्यापर्यंत वर केली, जखमेचा व्रण दाखवला आणि म्हणाले, "ट्रॅक काय चीज असते ते मला विचार, बाळ."

तिने विचारलं नाही. गेलीही नाही. बाप मरणाच्या दारातून आलाय, त्याला आपली काळजी आहे, असं तिने स्वतःला समजावलं आणि पुढच्या महिन्यात वर्कशॉपात चिकटली. ही गोष्ट ती लोकांना अभिमानाने सांगायची. आमच्या बाबांचा माझ्यावर जीव आहे, म्हणून तर अडवलं, असं.

तर एवढ्या वर्षांनी एक दातांचा डॉक्टर दारात आला. जुन्या गाड्यांचा नाद असलेला. त्याच्या क्लबाचा मेळावा ट्रॅकवर भरणार होता, जुन्या गाड्या एकेक फेरी मारणार होत्या आणि रेसरकाकांचा सत्कार करायचा होता. फक्त गाडी चालू व्हायला हवी. "ती मी करते," ताई म्हणाली. फेरी कोण मारणार हे डॉक्टरने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पण ताडपत्री ओढतानाच तिच्या मनात ठरलं होतं. एकच फेरी. तेवढी तरी आपली.

कामाला लागली. वर्कशॉपातून आली की हातपाय धुवायचे आणि पुन्हा ग्रीसमध्ये बुडवायचे. टाकीतलं पेट्रोल वाळून तळाशी चिकट थर झाला होता. एअर फिल्टरचा फोम बोट लावताच भुगा झाला. बाबा दारात खुर्ची टाकून बसत आणि सूचना करत, "जरा जपून हं, ती रणांगणावरची गाडी आहे."

टायर धुतले तर रबरावर बारीक केसांसारखे तंतू तसेच उभे. नवीन टायरवर असतात ते. मैलभर मातीत फिरलं की झडून जातात. ताईला वाटलं, शर्यतीनंतर टायर बदलले असतील. मग फूटरेस्ट. मोटोक्रॉसच्या फूटरेस्टला बूट घसरू नये म्हणून दात असतात. ते धारदार होते, तिच्या बोटाला रक्त आलं. बदलले असतील, ती म्हणाली. हँडलची टोकं बघितली. पडलेल्या गाडीचं हँडल आधी खरवडतं. ती गुळगुळीत होती. ताई चहा करायला गेली.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं. सिलिंडर काढून आतून पुसला आणि खिडकीच्या उजेडात धरला. आतल्या भिंतीवर कारखान्यात पाडलेल्या तिरप्या बारीक रेघा लख्ख दिसत होत्या. इंजिन तापून, रगडून, धूळ खाऊन धावलं की त्या पुसट होत जातात. इथे एकूण एक रेघ शाबूत होती. ही गाडी रणांगणावर सोडाच, गल्लीच्या पलीकडेही धड गेली नव्हती. पिस्टन बदलता येतो, टायर बदलता येतात. पण सिलिंडर बदलला असता तर खालचा जॉइंट उघडल्याची खूण असती, आणि ताईने उघडेपर्यंत तो कारखान्यातला होता तसाच होता. अशी झाकणं रोज उघडणाऱ्या बाईला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती स्वयंपाकघरात गेली. आई भाजी निवडत होती.

"आई, गाडीच्या टाकीवरचा पोचा कसा पडला?"

"कुठला?"

"बाबा पडले तेव्हाचा. शेवटच्या वळणावरचा."

आईने भाजीतून मान वर केली नाही. "तो माझ्या ट्रंकेचा आहे. माळ्यावरून काढताना निसटली."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"लग्नात त्यांचे दोन्ही पाय धड होते गं. गोदामात शिडीवरून पडले, तेव्हा तू पाळण्यात होतीस." आईने भाजीचं देठ मोडलं. "एवढ्याशा गोष्टीने माणूस ताठ चालत होता. लंगडत का होईना, ताठ. म्हटलं, चालू दे."

"आणि माझं काय?"

आईने पालेभाजीची जुडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. सगळ्या जगाला ओळखायचं आणि घरातल्या दोघांनी मिळून आपल्याला ताकास तूर लागू द्यायची नाही, याचा ताईला असा संताप आला की तिने स्वयंपाकघराचं दार आपटलं. तिच्या आठवणीत पहिल्यांदाच.

दुपारी ती सिलिंडर घेऊन बाबांसमोर आली आणि तो त्यांच्या वर्तमानपत्रावर ठेवला.

"बाबा, आत बघा. रेघा दिसतात?"

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ आत बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "घासल्या तर जातील ना?"

हे ऐकून ती हसलीच. राग, दुःख सगळं बाजूला राहिलं आणि हसू फुटलं. खोटं पकडलं गेलं तर या माणसाला पहिला विचार सुचतो तो पॉलिशचा! मग ती त्यांच्यासमोर बसली.

बाबा सांगू लागले, तेही तुकड्या-तुकड्यांत. गेले होते ते एकदा ट्रॅकवर, खरंच गेले होते. नाव नोंदवलं, रांगेत उभे राहिले. गाड्या अडवून धरणारी समोरची फळी पडली, सगळ्या गाड्या सुटल्या. "माझा पायच उचलला नाही गं. चांगला होता पाय. उचललाच नाही. धूळ खाली बसली तरी मी तिथेच." मग गाडी ढकलत मागच्या बाजूने बाहेर आले. गल्लीत पोहोचले तर सगळे ओट्यावर वाट बघत बसलेले. काय झालं, काय झालं? तोंडातून निघून गेलं, पडलो, तरी तिसरा आलो. पुढे शिडीवरून पडून फुटलेला गुडघाही त्याच गोष्टीत जाऊन बसला.

"तिसराच का?"

"पहिला म्हटलं असतं तर कप दाखवा म्हणाले असते."

इथवर तिला जड गेलं, पण झेपलं. घाबरला असेल माणूस. कोण घाबरत नाही? घाबरटपणाला तिने तिथल्या तिथे माफ करून टाकलं असतं. पण खरा प्रश्न तो नव्हताच.

"मग मला का अडवलंत?"

"तू पडशील म्हणून..." त्यांनी सुरुवात केली. तिने नुसतं त्यांच्याकडे बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघते तसं. त्यांनी चष्मा काढला. मग मान खाली घालून म्हणाले, "फळी पाडणारा माणूस तेव्हाही तोच होता, मला तिथेच उभं राहिलेलं बघितलेला. तू तिथे गेली असतीस, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं असतंस, मी कोणाची मुलगी ते. मला माहीत होतं. तू सांगितलंच असतंस."

खरंच सांगितलं असतं. छाती काढून सांगितलं असतं. बाबांनी तिला नेमकं ओळखलं होतं आणि त्या ओळखीचाच उपयोग करून केसाने गळा कापला होता. वर ती त्यांना काळजीचं श्रेय देत आली, पंचवीस वर्षं, ऐकेल त्याला. आपल्या मूर्खपणाची तिला शिसारी आली.

तरी तिने त्यांना गल्लीत उघडं पाडायचं ठरवलं नाही. म्हातारा माणूस, आता कुठे तोंड दाखवेल? तिच्या अटी दोनच होत्या. रविवारी क्लबाचे लोक गाडी बघायला येतील तेव्हा शर्यतीची गोष्ट काढायची नाही. आणि फेरी ती मारणार.

"तू म्हणशील तसं," बाबा म्हणाले. "तोंडाला कुलूप." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने विश्वास ठेवला. पुन्हा एकदा, घ्या!

रेघा तिने घासल्या नाहीत. गाडी जशी होती तशीच जोडली, नवा फोम घातला, कार्बोरेटर साफ केला. शनिवारी किक मारली तेव्हा दोन-तीनदा खोकून इंजिन चालू झालं आणि मागची खोली निळ्या धुराने भरली. आईने सगळ्या खिडक्या उघडल्या.

रविवारी डॉक्टर चार-पाच मंडळी घेऊन आला. अंगणात गाडी उभी होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत. डॉक्टर गुडघ्यावर बसला, फूटरेस्टच्या दातांवरून अगदी धंद्याच्या सवयीने बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, काय काम केलंय! हे दात नवे बसवले?"

"नाही. मूळचेच आहेत."

डॉक्टरने दातांकडे बघितलं, मग बाबांच्या पायाकडे बघितलं. जरासा गोंधळला. बाबा गप्प. ताईने मनात म्हटलं, शाबास, बाबा. असेच गप्प बसा.

"मग ठरलं तर," डॉक्टर उठत म्हणाला. "फेरी ताईच मारणार. एवढी मेहनत केलीय, मान त्यांचाच. काय काका?"

ती हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"छे छे, तिला नको."

जित्याची खोड म्हणतात ती हीच. बाबांचा हात गुडघ्यावर गेला. पँट वर सरकली. "ट्रॅक काय चीज असते ते मला विचारा, डॉक्टर."

आणि सुरू झाले. शेवटचं वळण, धूळ, फुटलेला गुडघा. मंडळी जवळ सरकली, कोणीतरी मोबाइल काढून चित्रण करायला लागलं. ताईला वाटलं, ते आपल्याकडे बघणार नाहीत, बघूच शकणार नाहीत. पण ते बघत होते. थेट तिच्या डोळ्यांत बघून, एकदाही न अडखळता, त्यांनी तिला तिसऱ्या नंबरापर्यंत नेलं आणि मग नेहमीच्या जागी थांबून पाण्याचा ग्लास उचलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई घरात निघून गेली.

टाळ्या संपेपर्यंत ताई थांबली. मग डॉक्टरला म्हणाली, "फेरी मीच मारणार आहे. बाबांना तिथे बोलवू नका. सत्कारही नको. तिथे त्यांना ओळखणारं कोणी नाही."

"हो ना, जुनी माणसं आता राहिलीत कुठे!" डॉक्टर हळहळत म्हणाला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

बाबांना मात्र कळलं. ग्लास तोंडापर्यंत नेलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि वाकून पँट सरळ करू लागले, पण घडी गुडघ्यावर अडकली होती, ती लवकर खाली येईना. एरवी ताई पटकन वाकली असती. आज ती जागची हलली नाही.

बोलून टाकल्यावर बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मंडळी गाडीभोवती फोटो काढत होती आणि ती हात पुसत बाजूला उभी होती. सगळं माहीत असून, स्वतःच्या हाताने उघडून बघितलेलं असूनही तिला अजून तो तिसरा नंबर खरा हवा होता.