पुढच्या मॉडेलची वाट

मरण ही गोष्ट माझ्या मामेसासऱ्यांना तत्त्वतःच मान्य नाही. परळच्या गिरणीत तीस वर्षं फिटर होते. त्यामुळे शरीर म्हणजे यंत्र आणि यंत्र म्हटलं की पार्ट बदलता येतात, हा त्यांचा वेदान्त. पेपरात कृत्रिम मूत्रपिंडाची किंवा वय थांबवणाऱ्या गोळीची दोन ओळींची बातमी आली तरी ती कापून पत्र्याच्या डब्यात जाते आणि सबंध मजल्याला ऐकू जाईल अशी घोषणा होते, "माणूस दीडशे वर्षां जगतलो!" बरं, तोवर सुखानं जगावं की नाही? छे! दात पडून अकरा वर्षं झाली, पण कवळी नाही, कारण शास्त्रज्ञ म्हणे तिसऱ्यांदा दात उगवायच्या खटपटीत आहेत. "आता कवळी घेतलंय आणि उद्या दात इले, तर त्या कवळीचा काय लोणचा घालू?" तोवर चकली चहात बुडवून खातात. मोतीबिंदूचंही तेच. दारात मी उभा राहिलो की मला बाईमाणूस समजून "ये गो" म्हणतात.

गेल्या श्रावणात मात्र हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. भाजी आणताना रस्त्यातच कोसळले. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके फार मंदावलेत, पेसमेकर बसवा, आज-उद्याच. आणि आमचे महाशय? "घाई कसली? पुढचा मॉडेल येवंदे." माझी बायको आईविना वाढली ती यांच्याच मांडीवर. तिनं विनवलं, रडली, अबोला धरला; म्हातारा ढिम्म. मग ती भडकलीच.

"मामा, गिरणीत विणायचा साचा बिघडला की नवा पार्ट येईपर्यंत बंद ठेवायचात?"

"बंद? माझ्या पाळीत?" मामा खवळले. "हाताक लागात तो पार्ट घालून चालवलंय साचो!"

"मग?"

मामा सदऱ्याची बटणं काढत म्हणाले, "दुखत नाय ना गो?"

अरे देवा! म्हणजे विज्ञानबिज्ञान राहिलं बाजूला, म्हाताऱ्याला भीती वाटत होती. लहान मुलासारखे तिचा हात धरून ते ऑपरेशनला आत गेले. ठोके व्यवस्थित पडताहेत असा निरोप आला, तेव्हा हुश्श करून मी तिथंच फरशीवर बसकण मारली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, बॅटरी आठ-दहा वर्षं चालेल, मग बदलायची. मामांनी बोटांवर आपलं तेव्हाचं वय मोजलं.

"मगे तेव्हा माका हय कोण घेवन येतलो?" इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"मीच. आणखी कोण?" बायको म्हणाली आणि त्यांची उशी सारखी करत राहिली. पाणी आणायच्या निमित्तानं मी बाहेर सटकलो.