कचेरीच्या तुळया

किसनमामांचं कचेरीत कसलंही काम नसायचं, तरी ते रोज यायचे. पायरीशी चप्पल काढायचे आणि ओसरीवर कागदांसाठी ताटकळणाऱ्या माणसांना इमारत दाखवायचे. "हात लावा हितं. बाहेर आग पडून राहिली अन् भिंत कशी गार हाय बघा. तीन हात रुंद हाय. माणूस आडवा झोपंल."

मामा गवंडी होते आणि आमच्या तालुक्याची ती कचेरी निजामाच्या काळात त्यांच्या आज्यानं बांधली होती. कुणी वारंगा फाट्याहून आलेला थट्टा करायचा, "मामा, निजाम तुमच्या आज्याला इचारूनच गादीवर बसत होता वाटतं." मामा रागावत नसत. म्हणायचे, "हुकूम निजामाचा, बाबा. पर हुकमानं भिंत उभी राहत न्हाई."

मी तिथं रोजंदारीवर झाडायला होते. मला चार माणसांत बोलता येत नाही, त्यामुळे मामांना माझ्यासारखं ऐकणारं दुसरं कुणी मिळालं नसेल. बैल जुंपलेल्या घाण्यात चुना कसा मळला, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर कसा घातला, गच्चीवर बायकांनी ओळीनं बसून थाप्यांनी तो किती दिवस बडवला, सगळं ते सांगायचे. गरम हवा वर चढून बाहेर जावी म्हणून झरोके छताजवळ ठेवले होते. दर्शनी भिंतीत वर एका रांगेत मुठीएवढी भोकं होती. मी एकदा ती कशाची म्हणून विचारलं.

"तुळईचं टोक भिंतीत असतंय, लेकी. त्याला वारा पायजे. भोक बुजलं की सागवान बी आतल्या आत कुजतंय. आज्याची सगळी अक्कल त्या भोकांत हाय."

मी ऐकलं आणि विसरले.

त्या भोकांत चिमण्या आणि साळुंक्या घरटी करायच्या. काड्या आणि घाण पायरीवर पडायची. एके दिवशी कचेरीतल्या मोठ्या बाबूंच्या पांढऱ्या शर्टावर घाण पडली. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "उद्या पायरी अशी दिसली तर येऊ नको." त्याच आठवड्यात रंगाचं काम चालू होतं. मी रंगाऱ्याला दोनदा चहा पाजला आणि भोकं बुजवून घेतली. त्यानं सिमेंट भरलं, वरून पिवळा रंग मारला. भिंत एकसारखी दिसायला लागली. बाबू म्हणाले, "आता कसं झ्याक वाटतंय." मामांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. त्यांना वरचं काही दिसत नव्हतं.

पाच पावसाळे गेले. मग दर्शनी खोलीचं छत खाली आलं, मधोमध नाही, भिंतीजवळ. इंजिनिअर आले आणि इमारत धोकादायक आहे, पाडावी, असं लिहून गेले. नवे साहेब भले होते. त्यांनी मामांना बोलावून घेतलं. "मामा, तुम्हाला ही इमारत माहीत आहे. तुळया कशानं गेल्या तेवढं दाखवा. दुरुस्त होण्यासारखं असेल तर मी वर लिहितो."

मामा बाहेर येऊन पायरीखाली उभे राहिले. मान वर केली, डोळ्यांवर हात धरला. मग मला हाक मारली. "लेकी, माझी नजर गेली. वरची भोकं उघडी हायत का बघ बरं."

मोठे बाबू माझ्या शेजारीच उभे होते.

मी म्हणाले, "व्हय मामा. उघडी हायत."

"समदी?"

"समदी."

त्यांनी डोळ्यांवरचा हात खाली घेतला. मग आत जाऊन साहेबांना म्हणाले, "वारा बराबर लागून राहिला, साहेब. मंग लाकूडच कच्चं व्हतं. आमच्या आज्याची चूक हाय. पाडा." साहेबांनी पुन्हा विचारलं. मामा तेच बोलले आणि चप्पल हातात घेऊन अनवाणीच घरी गेले.

जेसीबीला त्या भिंती पाडायला नऊ दिवस लागले. तुळया अंगणात काढून ठेवल्या. लाकूड घ्यायला कुरुंद्याचा एक व्यापारी आला होता. त्यानं करवत लावली तर आतून तांबूस लाकूड निघालं, वास सुटला. "बाई, सोनं हाय हे," तो म्हणाला. "निस्तं भिंतीतलं हातभर टोक भुसा झालंय. कोन्या येड्यानं वारा बंद केला काय की."

मी झाडू तिथंच टाकला आणि मामांच्या घरी गेले. वाटेत वाक्य जुळवत होते. मामा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"पाडली?"

"व्हय मामा."

"भिंती लगेच पडल्या का?"

"न्हाई. नऊ दिस लागले."

"मंग भिंती त्यानं बराबर बांधल्या," मामा म्हणाले. "एवढा हुशार माणूस, लाकडातच काहून फसला आसंल? रात न् दिस तेच डोक्यात फिरून राहिलं. कोन्या तोंडानं त्याचं नाव सांगू?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली आणि मला म्हणाली, "बरं झालं आलीस, तुज्याशी तरी बोलले. आठ दिसांत एक शबुद काडला न्हाई." मी चहा प्यायले. पेला विसळून ठेवला आणि घरी आले.

मामा पौषात गेले. नव्या इमारतीत काचा आहेत, पंखे आहेत, आणि दुपारी ओसरीवर कुणाला उभं राहवत नाही. मी अजून तिथंच झाडते. मोठे बाबू निवृत्त झाले, त्यांना यातलं काही आठवत नसेल. मामांच्या आज्याचं लाकूड कच्चं नव्हतं. मला अक्षरं लावायला वेळ लागतो, पण हे एक वाक्य लिहायला लागला नाही. मामांना सांगायलाही लागला नसता.